दोन ठोके आणि मागून एक

"ह्यात माझ्या मनातलं दिसतंय का?" मालननं विचारलं.

आमच्या प्रयोगशाळेतल्या अरुंद पलंगावर ती डाव्या कुशीवर झोपली होती. डोकं हलू नये म्हणून पुढून-मागून वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. उजवा कान वर होता आणि डॉक्टर झरीना मुजावर त्या कानावर सूक्ष्मदर्शक बसवत होती.

"मनातलं नाही दिसत," मी म्हणाले. "कानाचा पडदा हलतो की नाही, एवढंच दिसतं."

"मग बरं. आन् हलला न्हाई तर?"

मी यंत्र जरा पुढं सरकवलं. तिच्या पायाशी स्टुलावर तिचा नवरा बसला होता. महालिंग तारदाळे. पांढरा शर्ट, पांढरी विजार, मांडीवर टोपी. तो फरशीकडे बघत होता, पण तोही माझ्या उत्तराची वाट बघत होता, हे मला कळत होतं.

एप्रिल महिना होता. खोलीतला पंखा बंद होता, कारण पंख्याच्या वाऱ्यानंही संगणकावर उमटणारी माझ्या यंत्राची रेघ थरथरायची. पुण्यातल्या त्या संस्थेत माझं काम होतं वस्तू किती हलतात ते लेसरनं मोजायचं. मोटारीचं दार, पंपाचं कवच, पंख्याचं पातं. लेसरचा लाल ठिपका वस्तूवर टाकायचा. वस्तू हलत असली की परत येणाऱ्या उजेडात किंचित फरक पडतो, आणि त्या फरकावरून हालचाल मोजता येते. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी हालचालही त्यातून सुटत नाही. आणि वस्तूला हात लावावा लागत नाही.

त्या ठिपक्यासमोर माणूस मात्र कधी आला नव्हता. झरीना आणि मी कोल्हापूरला कॉलेजात एका बाकावर बसायचो. पुढं ती कानाची डॉक्टर झाली आणि मिरजेला दवाखाना काढला. एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"उल्का, एक बाई आहे. इचलकरंजीची. उजव्या कानात टकटक ऐकू येते म्हणते. दोन वर्षं झाली. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झालाय. मला वाटतं कानातला स्नायू आपोआप आकसतोय. पण मी बघते तेव्हा नेमका तो गप्प असतो, नाहीतर हालचाल इतकी बारीक असेल की माझ्या डोळ्याला दिसत नाही. तुझ्या लेसरला दिसेल?"

"कानात कधी बघितलं नाही मी. घेऊन ये."

"आणखी एक. तिचा मुलगा गेलाय. त्यानंतर सुरू झालंय हे. म्हणूनच कुणी विश्वास ठेवत नाही."

संस्थेत रविवारी शेजारची यंत्रं बंद असतात, म्हणून रविवार ठरवला. झरीना दोघांना घेऊन पहाटेच निघाली होती.

झरीनानं कानाच्या पडद्यावर काचेचा एक कण ठेवला. साखरेच्या दाण्याहून कितीतरी लहान, चमकणारा. ठिपक्याचा उजेड त्यावरून नीट परत येतो. मालनला गुदगुल्या झाल्या असाव्यात, कारण तिचे खांदे हलले, पण तोंडातून आवाज आला नाही.

"दुखतंय?" झरीनानं विचारलं.

"न्हाई. मुंगी चालल्यागत."

"उजेडाचं भ्यायचं नाही. टॉर्चपेक्षा कमी आहे तो," मी म्हणाले. "तुम्ही मागाच्या खात्यात काम केलंय ना? भिंतीला हात लावला की आत माग चालू आहे ते हाताला कळतं. तसंच हे. फक्त हाताच्या जागी उजेड."

मालनचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे मला फक्त तिचा खांदा दिसत होता. नवऱ्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि परत खाली घातली. मी काही चुकीचं बोलले का, असं मला वाटलं. पण विचारण्यासारखं काही नव्हतं.

"आवाज आला की उजव्या हाताचं बोट उचलायचं," मी सांगितलं. "बोलायचं नाही. बोललं की सगळी रेघ हलते."

मग आम्ही वाट बघत बसलो. रेघ सरळ जात राहिली. घाम यायला लागला. मधूनच बाहेरच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की रेघ जाड व्हायची आणि पुन्हा बारीक व्हायची. मालनचं बोट काही हललं नाही. झरीना अधूनमधून माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायची. शेवटी मालनच बोलली.

"न्हाई आज. काल दिसभर हुता. मिरजेला येताना एसटी स्टँडवरबी हुता. आता न्हाई."

"होतं असं," झरीना म्हणाली. "चहा घेऊ आणि परत बसू."

"माझ्यापायी तुमचा रविवार गेला," ती उठून बसत म्हणाली, आणि पदर डोक्यावरून घेतला. तिचा चेहरा मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसला. चाळिशीही नसेल तिची. डोळ्यांखाली काळं होतं. ती पूर्वी मागासाठी कांड्यांवर सूत भरायच्या कामाला जायची, आता काम सोडून घरीच बसली होती, असं झरीनानं सांगितलं होतं.

झरीना तिला घेऊन फाटकाबाहेरच्या टपरीवर चहाला गेली आणि महालिंग माझ्या मागोमाग व्हरांड्यात आला.

"मॅडम, काय तरी एक सांगा आज. हाय म्हणून सांगा, न्हाईतर न्हाई म्हणून सांगा. मधलं नको."

"जे दिसेल ते सांगू."

"माझ्या भावानं एका मनाच्या दवाखान्यात बोलून ठेवलंय. न्हाई म्हणालासा तर सोमवारी तिकडं नेणार. आई म्हणती देवर्ष्याकडं न्या. नेलंय की. लिंबू उतरवून झालं. गोळ्या झाल्या. गोळ्यांनी ती झोपती, आन् झोपेतनं उठून दार उघडती. मी म्हणतो, कोण न्हाई. ती म्हणती, म्हाईत हाय. तरी उघडती."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्यानं टोपी या हातातून त्या हातात घेतली. "मी मागावर जॉबर हाय. माग बिघडला की दुरुस्त करतो. बिघाड आवाजावरनं कळतो मला. हिच्या कानाला कान लावून बघितलाय मी, कितींदा. मला काय ऐकू येत न्हाई. मग मी काय समजावं?"

तो वेडाबद्दल बोलत नव्हता. स्वतःच्या कानाबद्दल बोलत होता. पण ते मला त्या क्षणी कळलं नाही. मी त्याला म्हटलं, पुन्हा बसू, आणि आम्ही आत गेलो.

दुसऱ्या वेळी मालन निवांत होती. बहुतेक तिनं आशा सोडली होती. रेघ लागली, आणि या खेपेला ती आधीपेक्षा इतकी स्वच्छ होती की तिच्यावरचे छोटे छोटे उंचवटे दिसायला लागले, एकसारख्या अंतरानं.

"हे काय आहे?" महालिंगनं स्टुलावरूनच विचारलं.

"त्यांच्या काळजाचे ठोके. रक्त येतं-जातं तसा कानाचा पडदाही हलतो. सगळ्यांचाच."

तो उठून माझ्या मागे येऊन उभा राहिला. आपल्या बायकोच्या काळजाकडे तो बघत होता. जवळून, न बोलता, गिऱ्हाईक नवीन कापडाकडे बघतं तसं नव्हे. कापडात काही राहून गेलंय का, ते विणणारा बघतो तसं.

मग मालनचं बोट उठलं.

रेघेनं उडी मारली. दोन उड्या लागोपाठ, आणि मागून एक. काळजाच्या उंचवट्यांपेक्षा कितीतरी उंच. मी बोटाकडे बघितलं. ते खाली गेलं होतं आणि रेघही खाली बसली होती. मालनचं तोंड भिंतीकडे होतं. तिला रेघ दिसत नव्हती, आम्ही दिसत नव्हतो. बोट पुन्हा उठलं. पुन्हा उड्या. झरीनानं माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखला.

"आहे," ती हळूच म्हणाली.

"काय हाय?" महालिंगनं विचारलं.

मला आनंद झाला होता, हे मी सांगायला हवं. ही बाई खरं बोलतेय, तिला उद्या कुठे नेऊन टाकायची गरज नाही, आणि हे माझ्या यंत्रानं दाखवलंय. मी म्हणाले, "ऐकायचंय तुम्हाला?"

मोटारीचं दार कुठे खडखडतंय ते ऐकण्यासाठी आम्ही यंत्राला एक स्पीकर जोडला होता. ठिपक्याखालची वस्तू जशी हलेल तसा त्यातून आवाज यायचा. मी बटण फिरवलं. आधी नुसती खरखर. तिच्याखाली धप, धप, मालनचं काळीज. आणि मग खोलीभर, स्पष्ट:

टक-टक. टक.

महालिंग वळला, दाराशी गेला आणि त्यानं दार उघडलं.

हे त्यानं इतक्या सहज केलं की क्षणभर मलाही वाटलं, कुणीतरी आलंय. व्हरांडा रिकामा होता. पण तो समोर बघत नव्हता. तो खाली बघत होता, स्वतःच्या कमरेएवढ्या उंचीला.

टक-टक. टक.

तो दाराची कडी धरून तसाच मागे वळला आणि स्पीकरकडे बघायला लागला.

"कोण आहे बाहेर?" झरीनानं विचारलं.

"अहो," मालन भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. हलायचं नाही हे तिच्या लक्षात होतं. "तुम्हालाबी आला?"

"आला."

"कसा आला?"

"तसाच," तो म्हणाला. "तसाच आला, मालन."

मग रेघ वेडीवाकडी झाली, आणि स्पीकरमधून घरघर यायला लागली. मालन रडत होती. मी बटण बंद केलं. झरीनानं पिशव्या बाजूला केल्या आणि तिला उठवून बसवलं. महालिंग दार न लावताच येऊन स्टुलावर बसला. टोपी खाली पडली होती. ती त्यानं उचलली नाही.

"आमचा अवधूत बोलत न्हवता," तो आमच्याकडे न बघता म्हणाला. "ऐकतबी न्हवता. जन्मल्यापासनं. त्याला काय पायजे असलं की तो ठोकायचा. दार म्हणू नका, पेटी म्हणू नका, ताट म्हणू नका. दोनदा, आन् मागनं एकदा. ती त्याची हाक. आईची. मला दुसरी हुती, मला नुसतं एकदा ठोकायचा. ही मागाच्या खात्यात असली तर भायेरच्या भिंतीला हात लावून उभा राहायचा. आतनं माग बंद झाला की त्याला हातानं कळायचं, आई सुटली म्हणून."

मला माझं सकाळचं बोलणं आठवलं. भिंतीला हात लावला की कळतं, असं मी तिला शिकवायला गेले होते.

झरीनाला मुलगा गेल्याचं माहीत होतं. ठोकण्याचं तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मालननं दोन वर्षांत एकाही डॉक्टरला ते सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर पुढचं कुणी काही तपासलंच नसतं, हे तिला पक्कं माहीत होतं.

झरीना तिच्याशेजारी पलंगावर बसली आणि तिचा हात हातात घेतला. "मालनताई, तुम्हाला वेड लागलेलं नाही. हे आधी ऐका. तुमच्या कानात एक स्नायू आहे, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान. मोठा आवाज आला की तो कानाला सावरून धरतो. सगळ्यांना असतो. तुमचा तो आपोआप आकसायला लागलाय. तो आकसला की पडदा ओढला जातो आणि टक असं वाजतं. काही लोकांना होतं हे. मोठ्या काळजीनंतर, जागरणानंतर होतं."

"म्हंजे खरं हाय."

"आवाज खरा आहे."

"आन् तो न्हाई."

झरीनानं माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. "तो नाही," ती म्हणाली.

मालननं मान हलवली. तिला धक्का बसल्यासारखं दिसलं नाही. "ह्याला औषध?"

"छोटं ऑपरेशन. त्या स्नायूची दोरी कापायची, सुतासारखी असते. आवाज बंद होईल. ऐकू येण्याला काही धक्का नाही."

"कापल्यावर परत जोडता येती का?"

"नाही."

महालिंग एवढा वेळ मान खाली घालून बसला होता. सकाळी तो मला म्हणाला होता, मधलं नको. आता त्याला हवं ते उत्तर मिळालं होतं. मला वाटलं, तो लगेच म्हणेल, करा. पण तो म्हणाला, "तिचं ती ठरवू दे."

उपाहारगृह रविवारी बंद असायचं. त्यांनी घरून भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा आणला होता. इमारतीमागे बदामाचं झाड होतं, त्याच्या सावलीत आम्ही बसलो. झरीना गाडीत जरा पडली होती. महालिंग नळावर हात धुवायला गेला आणि बराच वेळ आला नाही. मालननं माझ्या हातावर भाकरी ठेवली, वर चटणी.

"ताई, तुम्ही शिकल्याल्या हाय. एक इचारू? ते जे तुम्हाला दिसलं, ते दर वेळी दोन आन् एकच हुतं?"

मी खरं सांगितलं. "नाही. कधी दोन, कधी चार. एकदा नुसतं एकच."

"व्हय," ती म्हणाली. "माझ्याबी ध्यानात आलतं ते. मी ऐकती ती दोन आन् एक तेवढं ऐकती. बाकीचं सोडून देती."

एक खार झाडावरून खाली आली, आमच्याकडे बघून परत वर गेली. मालन भाकरी खात नव्हती, नुसती मोडत होती.

"त्याला ताप आला. डेंगूचा. काचेच्या खोलीत ठेवलं त्याला. आत जायाचं न्हाई म्हणाले. सगळ्यांलाच न्हाई म्हणत हुते, त्यांचंबी बरोबर असंल. मी भायेर उभी हुते काचेपाशी. त्यो पलंगाच्या लोखंडाला ठोकत हुता. मला ऐकू येत न्हवतं, काच जाड. पर हात दिसायचा. दोनदा, आन् मागनं एकदा. मग दाराकडं बघायचा. मी हिकडनं हात हलवायची. माझ्या मागं उजेड हुता, खिडकी हुती मोठी. त्याला मी दिसत न्हवते वाटतं. दाराकडंच बघायचा. आई दारातनंच येती, हे त्याला म्हाईत."

मी हातातली भाकरी खाली ठेवली.

"सकाळी कळलं, गेला म्हणून."

महालिंग नळापाशी उभा होता, आमच्याकडे पाठ करून. पाणी चालू होतं.

"ताई, माझा अवधूत ठोकायचा आन् थांबायचा. मी वळून बघितलं की हसायचा. बघितलं की झालं त्याचं काम, परत ठोकायचा न्हाई. हे थांबत न्हाई. मी वळती, बघती, दार उघडती, तरी ठोकतंयच. दोन वर्सं झाली. मला म्हाईत हाय तो न्हाई म्हणून, तुमच्या डाक्टरीणबाईंनी सांगायच्या आधीपासनं म्हाईत हाय. पर आवाज आला की वाटतं, परत काचेच्या आत हाय, आन् मी त्याला दिसंना."

तिनं मोडलेली भाकरी फडक्यात परत बांधली.

"कापा म्हणावं," ती म्हणाली. "एवढं ठोकून ठोकून हात दुखला असंल त्याचा."

ऑपरेशन पुढच्याच महिन्यात मिरजेला झालं. झरीनानं फोनवर सांगितलं, नीट झालं. मी विचारलं, शुद्धीवर आल्यावर काय म्हणाली? झरीना म्हणाली, काही नाही. डोळे उघडले, कान देऊन पडून राहिली, मग म्हणाली पाणी द्या. संध्याकाळी नवरा भेटायला आला तर त्याला म्हणाली, आता झोपा तुम्ही, दोन वर्सं झोपला न्हाई. आणि स्वतः कुशीवर वळली आणि सकाळपर्यंत झोपली.

दिवाळीच्या थोडं आधी महालिंग एकटाच माझ्याकडे आला. कळवलं नव्हतं. पुण्यात मागाचे सुटे भाग घ्यायला आलो होतो, म्हणाला. हातात कापडी पिशवी होती, तिच्यात माझ्यासाठी एक सुती पातळ. "आपल्या हिकडचं हाय. ठेवा."

मालन कशी आहे, मी विचारलं. चांगली आहे म्हणाला. कामाला जाती. अंगानं भरली. गल्लीत एक मुकी पोरगी आहे, तिला शाळेत पोचवती आणि आणती. आई आता काही बोलत नाही. भाऊ काही बोलत नाही.

मी चहा मागवला. चहा आला, त्यानं घेतला. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, त्या दिवशीचा आवाज मशीनमधी ऱ्हायलाय का?"

आम्ही मोजलेलं सगळं जपून ठेवतो. मी हो म्हणाले.

"एकदा लावा."

मी लावला. खोलीत माझे सहकारी होते, त्यांना मी बाहेर जायला सांगितलं. आधी खरखर आली, मग मालनचं काळीज, मग ते ठोके. त्यानं डोळे मिटले नाहीत. स्पीकरच्या काळ्या जाळीकडे बघत, गुडघ्यांवर हात ठेवून त्यानं सगळं ऐकलं. दोन आणि एक आलं, चार आले, पुन्हा दोन आणि एक. शेवटी मालनच्या रडण्याची घरघर आली, तेव्हा तो म्हणाला, "बास."

मी बंद केलं.

"तिनं काच सांगितली न्हवं तुम्हाला? झाडाखाली?"

"हो."

"मी न्हवतो काचेपाशी. मला बघवत न्हवतं. मी खाली रिक्षा स्टँडवर बसून हुतो. ती वर, मी खाली. मी काय ऐकलं न्हाई, काय बघितलं न्हाई. ती रातचं दार उघडायची, तवा मी म्हणायचो कोण न्हाई, कोण न्हाई. राग यायचा मला. आता ती झोपती. गाढ झोपती. आता मी जागा असतो." त्यानं हातांकडे बघितलं. "घरात आता त्याच्यासाठी उठणारं कोणच ऱ्हायलं न्हाई, मॅडम."

जाताना तो दारात थांबला. "मी आलतो म्हणून तिला सांगू नका."

मी सांगणार नव्हतेच. पण दुसऱ्या दिवशी दुपारी संस्थेच्या फोनवर मालनचा फोन आला. गल्लीतल्या दुकानातून बोलत होती. मागे मागांचा खडखडाट होता, त्यामुळे ती मोठ्यानं बोलत होती.

"ताई, हे आलते न्हवं तुमच्याकडं?"

"आले होते."

"पातळ दिलं?"

"दिलं. छान आहे."

"मीच घेतलतं ते. म्हटलं, कधी तरी जातील तर हातात असू दे." तिकडे कुणीतरी काहीतरी मागितलं, दुकानदार बोलला. मग ती म्हणाली, "ऐकवलं त्यांला?"

"हो."

"रडले?"

"नाही."

"न्हाई रडले," ती स्वतःशीच म्हणाली. माग चालू होते.

"मालनताई, तुम्हाला यायचंय का? तुम्हालाही ऐकवेन."

"नको ताई. माझं ऐकून झालं. ठेवू का फोन? पोरीची शाळा सुटंल." पण ती ठेवत नव्हती. "ते परत येतील. नट-बोल्टाचं कायतरी निमित्त काढून येतील. आले तर नको म्हणू नका. लावा तेवढं. त्यांचं आत्ता कुठं सुरू झालंय."